हंस, हुसा, गेंश, गूस्य : स्लाव्ह भाषांमधल्या एका पक्षिनामाची व्युत्पत्ती आणि व्याकरण

स्वरात्काठी (धागाकर्ता)

नोकरीनिमित्त मी चार वर्षांपासून चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहरात राहतो आहे. येथे ११ नोव्हेंबरला, म्हणजे संत मार्टिनच्या दिवशी, त्या वर्षीची कोवळी वाइन पहिल्यांदा उघडतात आणि तिच्या जोडीला इंग्रजीत ज्याला गूज म्हणतात तो पक्षी भाजून खातात. त्या आठवड्यात खाणावळींच्या बाहेरच्या काळ्या फळ्यांवर खडूने लिहिलेला एकच शब्द सगळीकडे दिसतो : हुसा. सोबत क्नेडलीक, म्हणजे कणकेच्या उकडलेल्या वळकटीच्या चकत्या, आणि शिजवलेला तांबडा कोबी. मी शाकाहारी असल्यामुळे त्या फळ्यावरचा शब्द तेवढा माझ्या वाट्याला येतो, आणि म्हणूनच कदाचित तो डोक्यात घोळत राहिला.

माझे दोन प्रश्न आहेत. कार्यालयातला रशियन सहकारी या पक्ष्याला 'गूस्य' म्हणतो, पोलिश सहकारी 'गेंश' म्हणते आणि जर्मनमध्ये तो 'गान्स' आहे. सगळीकडे 'ग' असताना एकट्या चेकमध्ये 'हुसा' असा 'ह' ऐकू येतो, आणि आपल्याकडे तर 'हंस' आहेच. तेव्हा संस्कृतातला मूळ हकार चेक भाषेने जपून ठेवला, असे म्हणता येईल का? दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे. माझ्या घरमालकीण बाई मला या एका शब्दावरून सतत सुधारत असतात. एक असेल तर हुसा, मला हवी असेल तर हुसू, दोन असतील तर हुसी, आणि पाच म्हटले की शेपूट गळून नुसते हुस. यामागे काही शिस्त आहे, की ही केवळ पाठांतराची बाब आहे?

अनुस्वार

धागा उत्तम आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, परंतु ते 'नाही' इतके मनोरंजक आहे की थोडे विस्ताराने लिहितो.

हंस आणि हुसा हे शब्द सख्खे नातलग आहेत, यात शंका नाही. ज्या आदिम भारत-युरोपीय भाषेपासून संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन आणि स्लाव्ह भाषा (रशियन, पोलिश, चेक वगैरे) निघाल्या असे मानले जाते, तिच्यात या पक्ष्याचे नाव साधारण 'घ्यन्स्' असे होते. त्यातला पहिला वर्ण तालव्य आणि महाप्राण होता. संस्कृतात त्याचा ह झाला, ग्रीकमध्ये 'खेन', लॅटिनमध्ये आरंभीचा हकारही पुसला जाऊन 'आन्सेर', जर्मनमध्ये 'गान्स', आणि इंग्रजीत अनुनासिक गळून, स्वर लांबून आजचा 'गूज'. स्लाव्ह भाषांच्या समान पूर्वजात, म्हणजे आदिस्लाव्हमध्ये, त्याचे रूप 'गॉंसि' असे होते. त्यातला ऑं अनुनासिक आणि शेवटचा इ अगदी निसटता, अर्धवट उच्चारलेला होता.

आता चेक 'ह' कोठून आला ते पाहू. साधारण बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास चेक भाषेत प्रत्येक मूळ ग-चा ह झाला. हा बदल या एका शब्दापुरता नव्हता. रशियन 'गोलोवा' म्हणजे डोके, चेकमध्ये 'ह्लावा'. पोलिश 'नोगा' म्हणजे पाय, चेकमध्ये 'नोहा'. स्लोव्हाक आणि युक्रेनियन भाषांमध्येही हेच घडले. हा ह संस्कृतातल्या ह-शी नाते सांगत नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. ज्या शब्दांत संस्कृतात स्पष्ट ग आहे, तेथे चेकमध्ये काय दिसते ते पाहावे. संस्कृत 'ग्रीवा' म्हणजे मान. तोच शब्द रशियनमध्ये 'ग्रीवा' असाच आहे आणि त्याचा अर्थ घोड्याची आयाळ असा आहे. चेकमध्ये मात्र तो 'ह्र्झीवा' झाला आहे. 'गिरी'चा नातलग रशियनमध्ये 'गोरा', तर चेकमध्ये 'होरा'. म्हणजे संस्कृतात ग असो की ह, चेकच्या गिरणीतून बाहेर पडताना त्याचे पीठ ह-चेच होते. हंस आणि हुसा यांच्या आरंभी दिसणारे साम्य म्हणजे वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेले दोन प्रवासी एकाच स्थानकावर भेटावेत, तसे आहे. खरे नाते त्या शब्दाच्या पोटात, अनुनासिकात आणि सकारात आहे.

तरीही आपण योग्य जागी बोट ठेवले आहे, कारण खरी अडचण ह-ची नसून ग-चीच आहे. स्लाव्ह भाषा संस्कृतप्रमाणेच 'शतम्' गटातल्या आहेत. या गटात मूळ तालव्य वर्ण घर्षक, म्हणजे श, स, झ यांसारखे हवा घासत निघणारे, होतात, आणि जेथे संस्कृतात अशा मूळ वर्णाचा ह होतो तेथे स्लाव्ह भाषांत नियमाने झ येतो. संस्कृत 'हिम', स्लाव्ह 'झिमा' म्हणजे हिवाळा. आपल्या हिवाळ्यातला 'हिव' आणि त्यांची 'झिमा' हा एकच शब्द आहे. संस्कृत 'वहति', चेक 'वेझे', म्हणजे वाहून नेतो. 'हिरण्य' आणि चेक 'झ्लातो', म्हणजे सोने, हेही एकाच धातूचे. या नियमाने हंसाला रशियनमध्ये 'झूस्य' आणि पोलिशमध्ये 'झेंश' म्हणायला हवे होते. शेजारच्या बाल्टिक भाषांनी नियम पाळला आहे : लिथुआनियन 'झासिस', जुन्या प्रशियनमध्ये 'सान्सी'. मग स्लाव्ह भाषांमध्येच ग का, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे चघळत आहेत.

मितभाषी

सासू या शब्दाचेही असेच झाले आहे. संस्कृत 'श्वश्रू', रशियन 'स्वेक्रोव्ह्य' (नवऱ्याची आई). श-च्या जागी स अपेक्षित असताना क आला.

स्वरात्काठी

अनुस्वार, आपले मनापासून आभार. ग्रीवा आणि ह्र्झीवा वाचून मी हसलो, कारण हा शब्द मला माहीत होता आणि तरीही कधी जुळवून पाहिला नव्हता. मग या ग-चे स्पष्टीकरण काय देतात? रशियन सहकारी ठामपणे म्हणतो की हा शब्द जर्मन लोकांकडून उसना घेतलेला आहे.

अनुस्वार

आपल्या सहकाऱ्याचे मत जुने आणि प्रतिष्ठित आहे, पण माझे मन त्याकडे वळत नाही. दोन्ही बाजू मांडतो.

उसनवारीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आदिस्लाव्ह भाषेने जर्मानिक भाषांकडून अनेक शब्द घेतले; पाव किंवा भाकरी या अर्थाचा 'ख्लेब' आणि राजा किंवा सरदार या अर्थाचा 'क्न्याझ' हे त्यांतले प्रसिद्ध आहेत. जर्मानिक टोळ्यांच्या प्रदेशातल्या हंसांची ख्याती रोमपर्यंत पोहोचली होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की तिकडच्या पांढऱ्या हंसांना 'गान्ते' म्हणतात आणि त्यांच्या मऊ पिसांना पौंडामागे पाच दिनार मिळतात. या पिसांच्या लोभाने सीमेवरचे अधिकारी पहाऱ्याचे सैनिक पक्षी पकडायला पाठवत, अशी त्याची तक्रार आहे. शिवाय स्पॅनिशमधला 'गान्सो' हा शब्द लॅटिनमधून न येता जर्मानिकमधून आला. स्पेनमध्ये जे घडले, ते विस्तुला नदीकाठी घडू शकणार नाही असे नाही.

विरुद्ध बाजू अशी. हा पक्षी स्लाव्ह लोकांच्या दलदलीच्या मुलखात दरवर्षी येत-जात असे, तेव्हा त्याला नाव देण्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावण्याची गरज नव्हती. दुसरे म्हणजे आघात, म्हणजे उच्चारताना अक्षरावर येणारा जोर. रशियनमध्ये 'गूसी' (अनेक हंस) म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि 'गुस्येय' (हंसांचा) म्हणताना तो शेवटाकडे सरकतो. लिथुआनियन 'झासिस'मध्येही आघात असाच विभक्तीनुसार जागा बदलतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला घराण्याची इतकी जुनी लकब सहसा येत नाही. म्हणून मला विषमीकरणाचे स्पष्टीकरण अधिक पटते. एकाच शब्दात दोन घर्षक वर्ण जवळजवळ आले की जीभ अडखळते, आणि त्यांतला एक वर्ण आपले रूप बदलतो. 'घ्यन्स्'मध्ये पुढे स होताच, त्यामुळे आरंभीचा वर्ण झ होण्याऐवजी ग-वर थांबला, असे हे मत आहे. मितभाषी यांनी दिलेल्या सासूच्या उदाहरणातही शेजारी स आहे. तसाच स्लाव्ह शब्द 'कोसा' म्हणजे कोयत्यासारखा मोठा विळा. त्याचा संबंध काही अभ्यासक संस्कृत 'शस्' या कापणे अर्थाच्या धातूशी, म्हणजे आपल्या 'शस्त्र' शब्दाशी जोडतात, आणि तेथेही पुढे स आहे. हंस, सासू आणि शस्त्र अशी ही विलक्षण त्रयी होते. तीन उदाहरणांवर नियम उभा करणे धाडसाचे आहे आणि लिथुआनियनची जीभ त्याच ठिकाणी का अडखळली नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तरी उसनवारीपेक्षा हे मत मला कमी ओढाताणीचे वाटते.

पाणथळ

मी भाषेचा अभ्यासक नाही, हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जलाशयांवर हिंडणारा मनुष्य आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर 'हंस' म्हटल्यावर लांब वाकडी मान असलेला पांढराशुभ्र पक्षी येतो, ज्याला इंग्रजीत स्वॉन म्हणतात. हा पक्षी भारतात क्वचितच, वाट चुकल्यासारखा येतो. संस्कृत काव्यातला, पावसाळ्याच्या तोंडावर मानसाकडे निघणारा हंस बहुधा पट्टेवाला हंस असावा. त्याच्या पांढऱ्या डोक्यामागे दोन काळ्या आडव्या पट्ट्या असतात, तो तिबेट आणि मंगोलियाकडच्या सरोवरांवर घरटी करतो आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. पैठणजवळच्या जायकवाडीच्या जलाशयावर मी त्याचे थवे अनेकदा पाहिले आहेत. पहाटे हरभऱ्याच्या शेतांतून चरून ते पाण्याकडे परततात, तेव्हा दिसण्याआधी ऐकू येतात, आणि तो नाकातला आवाज एकदा ऐकला की या पक्ष्याच्या नावात अनुनासिक का असावे याचे कोडे पडत नाही. युरोपातला पाळीव हंस राखी रंगाच्या रानटी हंसापासून झाला. त्यामुळे पक्षिशास्त्राच्या दृष्टीने हंस आणि हुसा एकाच कुळातले ठरतात, आणि आपण मराठीभाषक मात्र खऱ्या हंसाला बदक म्हणतो व न पाहिलेल्या स्वॉनला हंस.

विस्वातीर

मी काही वर्षे पोलंडमध्ये, क्राकूफला होते. अनुस्वार, आपल्या टोपणनावाला साजेशी एक गोष्ट सांगते.

आदिस्लाव्हमधला तो अनुनासिक स्वर बहुतेक भाषांनी टाकून दिला. रशियन, चेक आणि सर्बियनमध्ये त्याचा उ झाला (गूस्य, हुसा, गुस्का). स्लोव्हेनियनमध्ये ओ झाला (गोस). बल्गेरियनमध्ये त्याचा जो स्वर झाला तो आपल्या अ-सारखा आहे, म्हणून बल्गेरियन 'गस्का' हा शब्द मराठी माणूस पहिल्याच प्रयत्नात बिनचूक म्हणतो. पोलिशने मात्र नाक सोडले नाही. आता आपण 'हंस' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. मराठीत आपण तो 'हन्स' असा म्हणत नाही आणि हिंदीभाषकासारखाही म्हणत नाही; स-च्या आधी आपल्या ओठांवर एक नाकातला व उमटतो, 'हंव्स'. संस्कृती, संसार, मांस या सगळ्या शब्दांत तो आहे. पोलिशमध्ये स-च्या आधीचा अनुनासिक स्वर हुबेहूब असाच उच्चारला जातो. मिशीला तेथे जो शब्द आहे तो मराठी लिपीत 'वॉंव्स' असाच लिहावा लागेल. 'गेंश'मध्ये पुढचा श तालव्य असल्यामुळे हा व थोडा य-कडे झुकतो, एवढाच फरक. पोलिश शिकवणाऱ्या बाई आमच्या वर्गातल्या इतर परदेशी विद्यार्थ्यांकडून हा उच्चार आठवडेच्या आठवडे घोटून घेत असत, आणि माझ्यावर एकदाही थांबल्या नाहीत. ती माझी हुशारी नव्हती, हे मला पुष्कळ नंतर कळले.

दुसरी गंमत स्वरांच्या अदलाबदलीची. मादी 'गेंश', पण नर 'गॉंशोर' आणि लहानगी 'गॉंस्का'. जुन्या पोलिशमध्ये अनुनासिक स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन होते. ऱ्हस्वाचा एं झाला आणि दीर्घाचा ऑं, म्हणून एकाच कुटुंबातली माणसे अशी दोन स्वरांत विभागली गेली. गॉंशोर म्हणजे घरी वाइन मुरवण्याचा मोठा, निमुळत्या गळ्याचा काचेचा बुधलाही. तो शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फुगून बसलेला असे, आणि तो पाहिल्यावर या नावाचे स्पष्टीकरण विचारावे लागले नाही.

सहावी विभक्ती

मी फार वर्षांपूर्वी पुण्यात रशियन शिकलो. धागाकर्त्याने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

पहिली बाब लिंगाची. एकच शब्द, पण रशियनमध्ये 'गूस्य' पुल्लिंगी आहे, तर पोलिश 'गेंश', स्लोव्हाक 'हुस' आणि स्लोव्हेनियन 'गोस' स्त्रीलिंगी. मूळ इकारान्त शब्दांत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांची रूपे जवळजवळ सारखी होती, त्यामुळे शब्द एका बाजूने दुसऱ्या बाजूला घसरणे सोपे होते. रशियन पुल्लिंगाकडे घसरली आणि मग मादीसाठी तिला 'गुसीन्या' असा वेगळा शब्द घडवावा लागला. इतरांनी स्त्रीलिंग धरले आणि त्यांना नरासाठी शब्द घडवावे लागले : चेक 'हौसेर', पोलिश 'गॉंशोर', सर्बियन 'गुसान'. जुन्या चेकमध्येही शब्द 'हुस' असाच होता. पुढे स्त्रीलिंगी शब्दांच्या मोठ्या गर्दीत मिसळण्यासाठी त्याने आ जोडून घेतला. सर्बियन आणि बल्गेरियन यांनी याच कामासाठी 'का' हा प्रत्यय लावला. स्वॉनच्या नावातही हीच ओढाताण आहे. रशियन 'लेबेद्य' आज पुल्लिंगी आहे, पण लोकगीतांत ती शुभ्र स्त्री होऊन येते. चेक 'लाबुत्य' स्त्रीलिंगीच आहे.

दुसरी बाब सजीवतेची. वर्गात मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने 'मी हंस पाहतो' या अर्थी 'या वीझू गूस्य' असे वाक्य केले. गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि विचारले, की तुमचा हंस लाकडी आहे काय? रशियनमध्ये पुल्लिंगी निर्जीव वस्तूची द्वितीया प्रथमेसारखी असते, आणि सजीवाची षष्ठीसारखी. टेबल पाहायचे असेल तर शब्द तसाच राहतो, पण हंस पाहायचा असेल तर 'गूस्या' म्हणावे लागते, आणि अनेक असतील तर 'गुस्येय'. मराठीभाषकाला हे खरे म्हणजे जड जायला नको. आपणही 'मी टेबल पाहिले' म्हणतो आणि 'मी हंसाला पाहिले' म्हणतो. रशियनने त्यासाठी षष्ठी वापरली, आपण 'ला' लावतो. पोलिशमध्ये स्त्रीलिंगी 'गेंश' या नियमाच्या बाहेर राहते, आणि अनेकवचनात तेथे विशेष वागणूक केवळ पुरुष माणसांना मिळते, बैल, हंस आणि बायका एका रांगेत बसतात. या व्यवस्थेविषयीचे माझे मत मी राखून ठेवतो.

तिसरी बाब संख्येची, आणि धागाकर्त्याचे कोडे येथे सुटते. स्लाव्ह भाषांत पाचापासून पुढची संख्या ही मुळात स्वतःच एक नाम होती, 'पंचक' म्हणावे तशी, म्हणून तिच्यानंतर येणारे नाम षष्ठी अनेकवचनात जाते. 'पाच हंस' असे न म्हणता 'हंसांचे पंचक' म्हणायचे. 'हुसा'सारख्या आकारान्त स्त्रीलिंगी शब्दांची षष्ठी अनेकवचनात प्रत्यय गमावते, म्हणून 'प्येत हुस'. दोन, तीन आणि चार या संख्या मात्र विशेषणासारख्या वागतात, म्हणून चेकमध्ये 'द्व्ये हुसी'. रशियनमध्ये दोनसाठी 'द्वा गूस्या' म्हणतात. हे रूप जुन्या द्विवचनाच्या वापरातून राहिले आहे, आज त्याला षष्ठी एकवचन म्हणून शिकवतात. संस्कृतातले 'हंसौ' आपण मराठीत साफ विसरलो. रशियनने त्याची राख उंबऱ्यावर ठेवली आहे.

मितभाषी

पिल्लाचे लिंग कोणते?

सहावी विभक्ती

नपुंसक, आणि हा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. आदिस्लाव्हमध्ये प्राण्यांच्या पिल्लांसाठी शब्दांचा एक खास वर्ग होता. त्यातले सगळे शब्द नपुंसकलिंगी असत आणि प्रथमा आणि द्वितीया यांच्या एकवचनाखेरीज इतर रूपांत मध्ये एक त डोकावत असे. चेकने हा वर्ग जसाच्या तसा सांभाळला आहे : हंसाचे पिल्लू 'हौसे', पिल्लाचे 'हौसेते', अनेक पिल्ले 'हौसाता'. वासरू 'तेले', मांजराचे पिल्लू 'कोत्ये', कोंबडीचे पिल्लू 'कुर्झे', सगळी याच चालीची. पोलिश 'गॉंश्ये', बल्गेरियन 'गसे' आणि सर्बियन 'गुश्चे' हीही त्यांचीच भावंडे. रशियनने एकवचनात 'गुस्योनक' असा नवा पुल्लिंगी शब्द केला, पण अनेकवचनात 'गुस्याता' म्हणताना तो जुना त परत येतो. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पिल्लू हे आपले नपुंसकलिंगी शब्द आठवा. त्यांची घडण वेगळी आहे आणि चेक शब्दांशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. पण अजून नर-मादी ठरवण्याचे वय न झालेल्या जिवाला दोन्ही भाषांनी एकाच कप्प्यात ठेवावे, हे मला वाचताना दरवेळी सुखावते.

विस्वातीर

या शब्दाच्या व्याकरणावरून पोलंडमध्ये एक साहित्यिक वादही आहे, तो येथे आलाच पाहिजे. लॅटिनचा दबदबा असलेल्या काळात पोलिशमधून लिहिणारा कवी मिकोवाय रेय याने १५६२ साली लिहिलेली एक ओळ तेथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. इतर राष्ट्रांनी हे जाणून घ्यावे, असे म्हणून तो पुढे म्हणतो, 'इश पोलात्सी न्ये गेंशी, इश स्फुय येंझिक मायॉं'. रूढ अर्थ असा, की पोल लोक म्हणजे काही हंस नव्हेत, त्यांना स्वतःची भाषा आहे. कलकलाट करणाऱ्या पक्ष्याशी तुलना नाकारणारी ही ओळ म्हणून ती भाषणांत वापरली जाते.

आता व्याकरण पाहा. पोलिशमधल्या सात विभक्ती आणि दोन वचने मिळून चौदा घरे होतात, आणि त्यांपैकी आठ घरांत या शब्दाचे रूप 'गेंशी' असेच आहे. इतकेच पुरेसे नव्हते म्हणून 'हंसाचा' या अर्थाचे पुल्लिंगी विशेषणही 'गेंशी' असेच आहे. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात, की येथे 'गेंशी' हे नाम नाहीच, ते पुढच्या 'येंझिक' या शब्दाचे विशेषण आहे. येंझिक म्हणजे भाषा आणि जीभही. तसे घेतले तर ओळीचा अर्थ होतो : पोल लोकांची हंसांची भाषा नाही, स्वतःची भाषा आहे. हंसांची भाषा म्हणजे नुसता गोंगाट. काहींच्या मते तो टोमणा लॅटिनला आहे. हे वाचन चतुर आहे, पण मला ते पूर्णपणे पटत नाही, कारण कवीने 'इश', म्हणजे 'की', हा शब्द दोनदा वापरला आहे. दोन वेगळी वाक्ये करायची नसती, तर दुसऱ्या 'इश'च्या जागी 'पण' आला असता. अर्थात सोळाव्या शतकातल्या कवीला वृत्तही सांभाळायचे होते.

याच विशेषणाच्या षष्ठीचे रूप 'गेंशेगो' आज क्रियाविशेषण झाले आहे. त्याचा अर्थ 'एकामागोमाग एक, एका ओळीत'. बर्फात पायवाट अरुंद झाली की वाटाड्या ओरडतो, 'गेंशेगो!', आणि सगळे मुकाट्याने रांग लावतात.

सहावी विभक्ती

रशियनमध्ये त्यासाठी 'गुस्कोम' म्हणतात, लहान हंस या अर्थाच्या शब्दाची तृतीया. म्हणजे 'छोट्या हंसाने चालणे'. एकच चित्र दोन भाषांनी दोन वेगळ्या विभक्तींत टिपले. आणि निर्लज्ज माणसाविषयी 'काक स गूस्या वदा' म्हणतात, हंसाच्या अंगावरून पाणी ओघळावे तसे. आपल्या 'अळवावरचे पाणी' या शब्दप्रयोगाने त्याचे भाषांतर करण्याचा मोह होतो, पण आपले अळवावरचे पाणी क्षणभंगुर असते आणि त्यांचे हंसावरचे पाणी बोललेले न लागण्याचे.

अनुस्वार

नातलग नसलेल्यांचीही नोंद असावी. रशियन 'गूसेनित्सा', पोलिश 'गॉंशेनित्सा' आणि चेक 'हौसेन्का' म्हणजे सुरवंट. ऐकताना हंसाची पुतणी वाटते, पण तिचे मूळ विस्वातीर यांनी सांगितलेल्या त्या 'वॉंव्स'मध्ये, म्हणजे मिशीत आहे. केसाळ म्हणून सुरवंट. आरंभीचा ग नंतर चिकटला, आणि तो चिकटण्यात शेजारच्या हंसाचा हात असावा असा संशय आहे. 'गूस्ली' हे रशियन तंतुवाद्यही हंसाचे नाही. ते गुणगुणणे, वाजणे या अर्थाच्या धातूवरून आले आहे. त्या धातूतला द पुढच्या स-समोर नाहीसा झाला, म्हणून तो शब्द हंसासारखा दिसू लागला.

स्वरात्काठी

काल संध्याकाळी भाडे द्यायला गेलो तेव्हा मालकीण बाईंना 'प्येत हुस'मागचे कारण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, की म्हणजे आमचा मास्टर यान हुस हा पाच हंसांमधला हंस झाला. हा विनोद आहे की व्याकरण, ते मला कळले नाही.

अनुस्वार

दोन्ही. धर्मसुधारक यान हुस दक्षिण बोहेमियातल्या हुसिनेत्स गावचा. गावाचे नाव हंसावरून पडले आणि त्याने आपले आडनाव गावाच्या नावावरून आखूड करून घेतले. स्वतःच्या पत्रांत तो स्वतःला हंस म्हणून कोट्या करत असे. ६ जुलै १४१५ रोजी त्याला कॉन्स्टान्स येथे जिवंत जाळले. पुढे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी अशी भविष्यवाणी प्रसिद्ध केली, की आज तुम्ही हंस भाजता आहात, पण शंभर वर्षांनी स्वॉन येईल आणि त्याला तुम्हांला भाजता येणार नाही. तो स्वॉन म्हणजे ल्यूथर, असा त्यांचा अर्थ. म्हणून उत्तर जर्मनीतल्या कित्येक ल्यूथरपंथी चर्चच्या शिखरांवर कोंबड्याच्या जागी स्वॉन बसवलेला दिसतो. आपल्या बाईंना मात्र एवढे सांगा, की त्या नावाचे रूप षष्ठीचे नसून जुन्या प्रथमेचेच आहे, कारण त्याच्या काळात एका हंसालाही 'हुस' म्हणत असत.